डब्यातली बैलजोडी

टक्.

दुपारी माझी लेक पिंकी झोपली की आमच्या घरात जी शांतता होते, ती मी शिंकूनसुद्धा मोडत नाही. कुकरची शिट्टी काढून ठेवते, मोबाइल उशीखाली जातो आणि भाजीवाल्याला मी खिडकीतून नुसत्या हातानं ‘नको’ म्हणते. वाचणं, लिहिणं, केस विंचरणं अशी माझी सगळी चैन तेवढ्या वेळात बसवायची असते. त्या शांततेत कपाटावरून आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्-टक्.

“पाल चुकचुकली,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “काईतरी नाट लागते आता.”

पाल नव्हती. पाल असती तर बरं झालं असतं. पालीच्या वॉरंटीसाठी कोणाला फोन करावा लागत नाही. आवाज येत होता तो कपाटावरच्या काळ्या डब्यातून. त्या डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या. एकीचा दिवा हिरवा होता आणि दुसरीचा लाल होऊन माझ्याकडे डोळे मिचकावत होता.

हा डबा मी घेतला होता. प्रफुलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नव्हे; मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे गल्लीत ज्या चर्चा झाल्या त्यात “प्रफुलभाऊनं कायले घेतला असन?” असा सूर होता आणि श्रेय असो की खापर, माझ्या वाट्याचं मला मिळालंच पाहिजे असं माझं मत आहे.

झालं होतं असं. मागच्या उन्हाळ्यात प्रफुलचा मोबाइल कूलरच्या टाकीत पडला. गडचांदूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पडावं असं कोणालाही वाटेल, मोबाइलला का दोष द्यायचा. पण त्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता तोवर सासूबाई धड जेवल्या नाहीत. नुसत्या अधूनमधून तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून बघायच्या, आणि मी विचारलं की म्हणायच्या, “पोरकिडे झाले का पाह्यतो.”

तो व्हिडिओ मामंजींचा. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावातला, ते गेले त्या वर्षीच्या पोळ्याचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यावर पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात. व्हिडिओत मामंजी अंगणात उकिडवे बसून बुधू आणि चैतू या आपल्या बैलांचे खांदे मळतायत आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानात सांगतायत, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग ते वळतात. दारात सासूबाई उभ्या असतात. मामंजी त्यांना म्हणतात, “तुले वेगळं आवतन पायजे का वो बायना? तूही येजो.” सासूबाई पदरात तोंड लपवून “चूप बसा जी” म्हणतात, आणि व्हिडिओ संपतो. मामंजींचा आवाज कुठं राहिला असेल तर एवढाच. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले, बैल मामेसासऱ्यांकडे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्या टीव्हीसमोर बसून म्हणतात, “बुधू-चैतूले लाव वो जरासक.” ‘यांना लाव’ असं त्या कधीच म्हणत नाहीत. बैलांना लाव.

तर मोबाइल तांदळातून जिवंत निघाला आणि मी ठरवलं, की हा जीव आता एका भांड्यात ठेवायचा नाही. चंद्रपूरला लोकेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तो म्हणाला, “वहिनी, रेड लावा. दोन डिस्क, दोघींत सेम डेटा. एक गेली तरी दुसरी चालू. मग नवी टाकायची, ती जुनीवरून आपोआप भरते.” मला ते इतकं पटलं की मी दुकानातच दोनदा मान हलवली. घरी येऊन स्वतः बसवलं, स्वतः सेटिंग केलं, सगळे फोटो-व्हिडिओ आत घातले आणि मोबाइलमधून व कार्डांवरून निर्धास्तपणे पुसून टाकले. निर्धास्त हा शब्द लक्षात ठेवा.

शेजारचे गुणवंतराव तहसीलमधून निवृत्त झालेले. मी “घरी रेड लावली” म्हटल्यावर त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं. समजावल्यावर म्हणाले, “एवढं काऊन करता बाई? एक पेनड्राइव्ह घ्या, दोरीत ओवा, गळ्यात घाला. मी तसंच करतो.” आणि बनियनमधून ताइतासारखा पेनड्राइव्ह काढून दाखवला. त्यात त्यांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रं आणि मुलीच्या लग्नाचा अल्बम होता. मी हसले. म्हणजे मनात, पण चेहऱ्यावर आलं असावं.

आता खरी चूक कुठं झाली ते सांगते. सासूबाईंना आणि पिंकीला हा प्रकार कळावा म्हणून मी एक उदाहरण दिलं. म्हटलं, “ही बैलजोडी समजा. आपल्या फोटोंची गाडी दोघं मिळून ओढतात. एक लंगडा झाला तर दुसरा ओढतो. आणि दोघं रात्रंदिवस ओढतात.” सासूबाईंचा चेहरा उजळला. “मंग याचं नाव बुधू, अन् त्याचं चैतू,” त्या म्हणाल्या. पिंकीनं लगेच स्केचपेननं नावं लिहून घेतली. मला माझ्याच शिकवण्याचं कौतुक वाटलं. उदाहरण देणाऱ्यानं समोर कोण बसलंय ते पाहावं. माझ्यासमोर जन्मभर बैलांची निगा केलेली एक बाई होती आणि पाच वर्षांची एक मुलगी होती, आणि दोघींनी ते मनावर घेतलं.

सुरुवात निगेपासूनच झाली. आमच्याकडे सिमेंटच्या कारखान्याची धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं सही करता येते. सासूबाईंनी डब्याला लोकरीची झूल विणली. डबा तापला. झूल काढली तर कारखान्याच्या खाणीतल्या सुरुंगाच्या वेळी घरभर भांडी वाजतात, तसा डबाही हलायचा. गुणवंतराव म्हणाले गादी ठेवा. गादी ठेवली तर खालून हवा बंद, पुन्हा तापला. शेवटी चार विटा, त्यावर फळी, फळीवर डबा आणि समोर टेबलफॅन अशी व्यवस्था झाली. पंखा डब्याला आणि घाम आम्हाला. प्रफुल कारखान्यातल्या पाळीवरून आला की आधी डब्यासमोर शर्ट काढून उभा राहायचा.

आणि आता, या एवढ्या बडदास्तीनंतर, टक्.

मी स्टुलावर चढले. डब्याला दोन कप्पे, प्रत्येकाला बाहेर ओढायची मूठ. लाल दिव्याचा कप्पा ओढला. बुधू हातात आला तो पिवळा. ओला. आणि त्याला गरम तुपाचा असा काही वास की क्षणभर मला भूक लागली.

“पिंकी,” मी म्हटलं. ती झोपेत नव्हतीच.

“त्याचे खांदे दुखून राह्यले होते,” ती चादरीतून म्हणाली. “तूच म्हटलं तो रात्रंदिवस ओढते.”

“तू बाहेर काढून तूप लावलंस?”

“हळदबी लावली. पळसाचं पान नाई भेटलं म्हनून मनीप्लांटचं घेतलं.”

पोळा अजून लांब होता. पण मुलं सणाची वाट पाहत बसत नाहीत, तालीम सुरू करतात. मी विचारलं, “आणि चैतूला?”

“तूप सरलं,” पिंकी म्हणाली.

सासूबाई तुपाचा डबा नेहमी अर्धाच भरतात म्हणून मी किती वेळा कुरकुरले असेन. आज त्या काटकसरीच्या पाया पडावंसं वाटलं.

खरं सांगते, मी घाबरले नाही. उलट आतून थोडी खूशच झाले. ‘एक गेली तरी दुसरी चालू’ हे मी सगळ्यांना महिनोन्महिने ऐकवत होते, आता दाखवता येणार होतं. मी दाखवलंही. गल्लीतल्या बायका चहाच्या निमित्तानं येऊन चैतूचा हिरवा दिवा बघून गेल्या. गुणवंतराव सर्वांत शेवटी आले, दिव्याकडे पाहून म्हणाले, “आता हा एकलाच हाय ना? तं बाई, तेवढा व्हिडिओ पेनड्राइव्हवर काढून घ्या. माझ्यात जागा हाय.” आणि बनियनकडे हात नेला.

“काका, नवी डिस्क आली की ती आपोआप भरते,” मी म्हटलं. “सिस्टीम आहे.”

“सिस्टीम आमच्या ऑफिसातबी होती,” ते म्हणाले, आणि बटण लावून निघून गेले.

गुणवंतराव घरी गेले आणि त्याच संध्याकाळी लोकेशनं फोनवर सांगितलं, “वहिनी, दुसरी बसेपर्यंत पहिलीला जास्त त्रास देऊ नका. दोघी सारख्याच वयाच्या आहेत.” डिस्कचं वय काढलेलं मला आवडलं नाही, पण फोन ठेवून मी आधी चैतूचा दिवा बघून आले. आता गुणवंतरावांना हाक मारायला तोंड नव्हतं. दिवाबत्ती झाली, सासूबाई टीव्हीसमोर बसल्या. मी अडखळत सांगितलं, “आई, दुसरा येईस्तोवर जरा…”

“नको लावू,” त्या लगेच म्हणाल्या. “एकट्या बैलाले किती तानाचं.”

आणि तशाच बसून राहिल्या. काळ्या टीव्हीसमोर, हात मांडीवर. दुसऱ्या दिवशीही तशाच. पिंकी त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागली. दोघी मिळून बंद टीव्ही बघायच्या. पोळ्यापर्यंत काहीही करून जोडी उभी करायची, असं मी मनाशी ठरवलं आणि वॉरंटीच्या कामाला लागले.

कंपनीच्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. तिनं पिनकोड विचारला आणि म्हणाली, आपके एरिया में सर्व्हिस नहीं है. मी म्हटलं, विकताना तर होती. ती म्हणाली, वो सेल्स है. मग डिस्क नागपूरच्या केंद्राला पाठवायची ठरली. कुरिअरवाल्यानं पाकीट हुंगलं आणि “खायची वस्तू घेत नाई” म्हणाला. त्याला उघडून दाखवावं लागलं. तिकडून बराच काळ काही नाही, आणि मग डिस्क परत आली. सोबत इंग्रजीत अहवाल: उपकरणाच्या अंतर्भागात खाद्य स्निग्ध पदार्थ आढळल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.

मी हे सहन केलं असतं. पण गुणवंतरावांनी केलं नाही. अर्ज नाकारला गेला हे कळताच त्यांच्या अंगात निवृत्तीआधीचं वारं शिरलं. त्यांनी स्वतः अपील लिहून आणलं आणि चष्मा लावून मला वाचून दाखवलं. “महोदय, सविनय सादर करण्यात येते की, सदर तूप हे घरगुती व शुद्ध असून त्यात कोणत्याही प्रकारची भेसळ नव्हती. सबब, त्यास हानिकारक पदार्थ म्हणता येणार नाही. सदरचे तूप अर्जदाराच्या अल्पवयीन कन्येने धार्मिक प्रथेस अनुसरून व सद्हेतूने लावलेले आहे.” त्याला त्यांनी पाच प्रती जोडायला लावल्या. प्रफुल म्हणाला, “तूप शुद्ध असल्याचा दाखला जोडला का?” गुणवंतरावांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “मागतीन तं देऊ.”

अपिलाला उत्तर आलं: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

तेव्हा मी वॉरंटीवर पाणी सोडलं आणि लोकेशला नवी डिस्क पाठवायला सांगितली. त्यानं ती पोचूच्या काळी-पिवळीत ठेवली. पोचू चंद्रपूर-गडचांदूर मार्गावर जीप चालवतो आणि गल्लीतल्या सगळ्यांची पार्सलं आणतो. तो कधी विसरत नाही अशी त्याची ख्याती. त्या दिवशी विसरला. माझी डिस्क गडचांदूरवरून तशीच पुढे जिवतीच्या डोंगरात गेली, तिथं श्रावणातही मुहूर्त काढणाऱ्या एका लग्नघरी मुक्काम केला आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी परत आली, खोक्यावर हळदीचे ठिपके घेऊन. “वहिनी, वरातीत नाचून आली,” पोचू म्हणाला. हळद बघून माझा जीव वर-खाली झाला. पण ती बाहेरच होती. पिंकीनं नव्या डिस्कचं नाव लच्छू ठेवलं.

पोळ्याच्या सकाळी मी लच्छूला बुधूच्या रिकाम्या कप्प्यात बसवलं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली; चैतूवरून लच्छू भरू लागला. लोकेशच्या हिशोबानं संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमारास संपलं असतं. अगदी पोळ्याच्या संध्याकाळी आईंना व्हिडिओ दाखवायचा, या कल्पनेनं मी पुरण वाटताना गुणगुणत होते. मधेच हात धुऊन डोकावले तर डब्याचे सगळे दिवे बंद. पंखाही बंद. डब्यासमोर ताटली, ताटलीत पुरणपोळी.

“आई, लाइट गेली का?”

“नाई वो, मीनं काढलं,” सासूबाई म्हणाल्या. “पोळा हाय आज. आज खांद्यावर जू ठेवत नाई.”

“आई, ते लोखंड आहे.”

“लोखंडाले बैल कोनं म्हटलं?”

हे म्हणणारी मीच होते, आणि साक्षीदार म्हणून पिंकी दारातच उभी होती. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं, की सूर्य मावळल्यावर जुंपायचं. म्हणजे आज व्हिडिओ नाही. सासूबाईंना ते कळत होतं. “उद्या पाहू,” त्या म्हणाल्या. “एवढे दिस राहिलो, एक दिस राह्यला नाई जात का.”

दुपारी गल्लीत कोणाची तरी जोडी ओवाळून घ्यायला आली. सासूबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी भरवली. मग हळूच बैलाच्या खांद्यावर हात फिरवून मालकाला म्हणाल्या, “खांदा बरोबर नाई मळला भाऊ.” तो हसून म्हणाला, “माय, आता कोनाले टाइम हाय.” त्या आत आल्या आणि उगाच तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं.

दिवेलागणीला मी डबा पुन्हा जुंपला. पट्टी पहिल्यापासून. रात्री गावची लाइट गेली ती पहाटे आली, आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. मोठ्यांचा पोळा झाला की पोरांचा. लाकडी बैल सजवून मैदानात न्यायचे, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. पिंकीचा लाकडी नंदी प्रफुल आणणार होता. तो पाळीच्या बदलाबदलीत साफ विसरला. पिंकी रडेल म्हणून मी तयारीत होते, पण ती रडली नाही. “राहू दे पप्पा,” म्हणाली. मुलं शहाण्यासारखी वागायला लागली की आईनं कामं टाकून मागं जावं, हे मला पाठ आहे. पण पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती, मी खुशीत होते, आणि डोक्यावरून न्हायला गेले.

बाहेर आले तर घर गप्प. टेबलफॅन गप्प. डबा बंद, एका कप्प्यात लच्छू आणि दुसरा उघडा. चैतू नाही. टेबलावर मी कागदांवर वजन म्हणून ठेवलेला मेलेला बुधू, तोही नाही. माझा जरीचा ब्लाउजपीस नाही. आणि सासूबाई पण नाहीत.

मी केसांना टॉवेल तसाच ठेवून मैदानाकडे पळाले. ज्या बाईनं गल्लीला वर्षभर डेटा-सुरक्षेवर भाषणं दिली, ती बाई टॉवेल सांभाळत पळताना गल्लीनं बघितली. बघू दे.

मैदानात चुन्याची रेष, रेषेवर पोरांच्या रांगेत लाकडी बैल, आणि मधोमध माझी पिंकी. तिच्यापुढे काडीपेट्यांच्या गाडीला जुंपलेली जोडी: डावीकडे बुधू, उजवीकडे चैतू. गेरूचे पंजे, बेगडाच्या माळा, कान साफ करायच्या काड्यांची शिंगं आणि दोघांवर मिळून माझ्या जरीची झूल. आभाळ भरून आलेलं. एक थेंब माझ्या नाकावर पडला आणि मला चैतूच्या पाठीवर पडल्यासारखा लागला.

मी रेष ओलांडणार तोच माइक खरखरला. “पालकांनी रेषेच्या भायेर राहावे.” परीक्षक गुणवंतराव. गळ्यात हार, हारातून डोकावणारी पेनड्राइव्हची दोरी.

“काका, त्यात व्हिडिओ आहे,” मी ओरडले.

“वशिला चालनार नाई,” माइक म्हणाला.

सासूबाई बाजूला बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ धपकन बसले. “आई, तो चैतू आहे. एकच उरलाय तो.”

त्यांचा चेहरा उतरला. “मले वाटलं नवा भरून झाला,” त्या हळू म्हणाल्या. “दिवा हिरवा दिसला. पोरगी म्हणे जोडी तोडाची नसते, बुधूसंगं चैतूच जाईन. मीनं तिले सांगतलं, आधी जू काढ, बैल थंडा होऊ दे, मंग सोड. बटन मीनंच दाबलं. घरघर थांबल्यावर हातात घेतला.” आणि माझा हात धरला. “गेला का वो?”

मी काही बोलणार तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला.

रोजच उडतो. पण पोरांनी बैल चाकांवर उभे केले होते आणि मैदान ओलं, उताराचं. जमीन हलली तशी अख्खी रांग धडाधड आडवी झाली. शिंगं मोडली, चाकं निसटली, दोन पोरं भोकाड पसरून बसली. गोंधळ निवल्यावर दिसलं की रेषेवर काडीपेट्यांची रिकामी गाडी आहे, आणि पिंकी फ्रॉकच्या ओच्यात दोन्ही बैल घेऊन, त्यांच्यावर ओणवी होऊन बसली आहे. सुरुंगाचा भोंगा आधी वाजतो, आणि डबा हलू नये म्हणून भोंगा वाजला की हात लावून धरायचा, हे तिला घरी मीच शिकवलं होतं.

“बैल सजवनारे पुष्कळ हायेत,” गुणवंतराव माइकवर म्हणाले. “सांभाळनारी एक दिसली.” पहिलं बक्षीस स्टीलचा डबा. टॉवेल बांधलेल्या आईनं मुलीसोबत फोटो काढावा असा आग्रह झाला. मी काढला. चैतू माझ्या पदरात होता, म्हणून मी त्या फोटोत जरा जास्तच कवटाळून उभी आहे.

घरी आलो तेव्हा आमच्या मागे अर्धी गल्ली आली. मी मऊ धोतराच्या कापडानं चैतूची शिंगं काढली, बेगड सोलला, गेरू पुसला. फोनवर लोकेश म्हणाला, “गेरू कुठंय? वरच्या लेबलवरच आहे ना? मग टाका, वहिनी. घाबरू नका.”

“मी घाबरत नाही,” मी म्हटलं. कप्पा आधी उलटा धरला होता, तो घाईमुळे.

कप्पा आत ढकलला. बटण दाबलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घरघर सुरू झाली. लाल दिवा, मग नारिंगी, मग बराच वेळ काहीच नाही. कोणीतरी खोकलं त्याला चार जणांनी गप्प केलं. आणि हिरवा.

पट्टी परत पहिल्यापासून सरकायला लागली. मी सगळ्यांना चहा ठेवला. कपबशी गुणवंतरावांच्या हातात देताना, शक्य तितक्या सहज, विचारलं, “काका, तुमच्या त्या पेनड्राइव्हमध्ये… जागा आहे म्हणाला होतात ना?”

त्यांनी हार बाजूला सारला, बनियनमधून दोरी वर काढली आणि पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला. टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं. आधी तो व्हिडिओ त्यावर गेला. तेव्हापासून आमचे मामंजी गुणवंतरावांच्या गळ्यात, त्यांच्या निवृत्तिवेतनाशेजारी सुखरूप आहेत.

लच्छू दुसऱ्या दिवशी पूर्ण भरला. दोन हिरवे दिवे. मी चैतूला मनातल्या मनात आवतन दिलं आणि दिवाबत्ती झाल्यावर टीव्ही लावला. प्रफुल दाराला टेकून उभा होता. सासूबाई नेहमीच्या जागी, पिंकी त्यांच्या मांडीवर.

अंगण आलं. पळसाचं पान आलं. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या,” मामंजी म्हणाले. मग ते वळले. “तुले वेगळं आवतन पायजे का वो बायना? तूही येजो.”

“येतो ना जी,” सासूबाई टीव्हीला म्हणाल्या. “घाई काऊन करता.”

प्रफुल पाणी प्यायला म्हणून आत गेला. टीव्ही काळा झाला. पिंकी आजीच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कपाळ, डोळे, कान, सगळं तपासल्यासारखं. मग माझ्याकडे वळली.

“मम्मी, बुधू गेला तं चैतूमंदी सगळं होतं ना?”

“होतं ना.”

“अन् लच्छूले त्याच्यावरूनच भरलं?”

“हो. पूर्ण भरला,” मी म्हटलं. या विषयातलं काहीही विचार, असा माझा आवाज होता.

“आजी अन् आबाजीबी जोडीच होते ना?”

“होते.”

“मंग आजीवरून आबाजीले कधी भराचं?”